घर आपलं, रस्ता कुणाचा?



'घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून' असं आपले वाडवडील सांगत आले. हल्ली मात्र पुष्कळ जण घर बांधीत नाहीत, तयार घेतात. मुलांच्या शिक्षणासाठी शेतकरी तालुक्याच्या गावी घर पाहतो. शिक्षक मंडळी निवृत्तीच्या आधी फंडातून पैसे काढून एखाद्या कॉलनीत बैठं घर किंवा रो-हाउस घेतात. घराच्या भिंती, दारं-खिडक्या, विहिरीचं पाणी सगळं पाहून घेतात. सातबारा पाहतात, मागची खरेदीखतं पाहतात. हे सगळं योग्यच आहे. पण एक गोष्ट पाहायची राहून जाते. या घरामागे दर महिन्याला, दर वर्षाला कोणता खर्च लागून येतो आणि आजवरचा किती थकलेला आहे, हे कुणी विचारीत नाही. आज त्याविषयी चार शब्द सांगायचे आहेत.

गावठाणातल्या घराचं गणित सोपं असतं. घरासमोरचा रस्ता ग्रामपंचायतीचा, खांबावरचा दिवा ग्रामपंचायतीचा, गटार तिचंच. आपण घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी भरायची की झालं.

लेआउटमधल्या घराचं तसं नसतं. कुणी जमीनमालक किंवा बिल्डर चार-दोन एकर जमीन बिनशेती करतो, तिचे भूखंड पाडतो, मधून रस्ते काढतो, एक बोअर पाडतो, टाकी उभी करतो, दिवे लावतो, थोडी मोकळी जागा सोडतो. मग भूखंड किंवा घरं विकून तो दुसऱ्या कामाला लागतो. तुमच्या खरेदीखतात काय असतं? भूखंडाचा क्रमांक, क्षेत्रफळ आणि चतुःसीमा. घर पूर्ण तुमच्या मालकीचं, भाडं नाही की भाडेपट्टा नाही. पण रस्ता, टाकी, पंप, दिवे यांचं काय? ते तुमच्या एकट्याच्या नावावर नसतात, पण त्यांच्यावाचून तुमचं घर चालतही नाही. पंपाचं वीजबिल कुणीतरी भरतं, टाकी कुणीतरी धुवून घेतं, रस्त्याचे खड्डे कुणीतरी बुजवतं. तो 'कुणीतरी' कोण, हे इसार देण्याच्या आधी कळलं पाहिजे.

समजा, एका गुरुजींनी असं घर घेतलं. देखभालीची वर्गणी महिना सहाशे रुपये होती आणि आधीच्या मालकानं ती चार वर्षं दिलेली नव्हती. म्हणजे अठ्ठेचाळीस महिन्यांचे २८,८०० रुपये झाले. गुरुजी राहायला आले त्याच आठवड्यात कॉलनीचे खजिनदार वही घेऊन दारात उभे. गुरुजी म्हणतात, "हे मी कशाला देऊ? मी तर काल आलो." खजिनदार म्हणतात, "बाकी घराच्या नावावर आहे. आधीचे मालक तर गेले पुण्याला." दोघांचंही बोलणं आपापल्या जागी खरं वाटतं, आणि नव्या शेजाराची सुरुवात भांडणानं होते. पंधरा दिवस आधी एक कागद मागितला असता तर हे टळलं असतं.

तो कागद कुठं मागायचा? ठिकाणं तीन आहेत.

पहिलं ठिकाण ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. ग्रामपंचायतीत नमुना आठ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. तिच्या उताऱ्यावर घरावर कोणकोणते कर किती बसतात ते दिसतं. नमुना नऊ ही मागणीची नोंदवही. तिच्यात मागील बाकी आणि चालू मागणी वेगवेगळी लिहिलेली असते. आपल्याला हवा तो आकडा 'मागील बाकी'च्या रकान्यात असतो. 'येणे बाकी नसल्याचा दाखला' मागा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ग्रामपंचायतीनं मुदतीत द्यायच्या सेवांमध्ये हा दाखला आणि नमुना आठचा उतारा दोन्ही येतात. मात्र एक ध्यानात ठेवा. नमुना आठ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकी हक्काचा पुरावा नव्हे.

तिथंच आणखी एक प्रश्न विचारा, आणि हाच प्रश्न बहुतेक जण विसरतात. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंद नमुना तेवीसमध्ये असते. आपल्या लेआउटमधला रस्ता त्या वहीत आहे का? असेल तर रस्ता पंचायतीनं सांभाळायचा. नसेल तर तो अजून रहिवाशांच्या गळ्यात आहे असं समजा, आणि पुढच्या डांबरीकरणाचा वाटा हिशेबात धरा. ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, त्यांना नोंद पाहून सांगायला फार वेळ लागत नाही. तोंडी उत्तर मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली साधा अर्ज करता येतो. त्याला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून तो व्यवहाराच्या घाईत नव्हे, आधीच करावा.

दुसरं ठिकाण सोसायटी. पुष्कळ कॉलन्यांत १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली संस्था असते. काही संस्थांत जमीन संस्थेची आणि घर सभासदाचं अशी रचना असते. म्हणून आधी आपण नक्की काय विकत घेत आहोत, ते पाहावं. अशा संस्थेकडून तीन गोष्टी लेखी हव्यात: मासिक आकार किती, मागची बाकी किती, आणि सर्वसाधारण सभेनं ठरवलेली पण अजून गोळा न झालेली एखादी मोठी वर्गणी आहे का. ही तिसरी गोष्ट फार महत्त्वाची. सभेत टाकीचा ठराव झाला, वर्गणी ठरली आणि तोवर घर विकलं गेलं, तर ती वर्गणी तुमच्या नावानं येते. नोंदलेल्या संस्थेची बाकी म्हणजे तोंडी उसनवार नव्हे. निबंधकाकडून वसुली दाखला मिळवून ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते.

घर नावावर करून देताना संस्था हस्तांतराचं शुल्क मागते. त्यालाही मर्यादा आहे. शासनाच्या २००१ च्या परिपत्रकानं महानगरपालिका क्षेत्रात हस्तांतर अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरवली, आणि लहान गावांसाठी त्याहून कमी. देणगी म्हणून आणखी काही मागितलं तर कोणत्या नियमानं, ते नम्रपणे विचारावं.

कॉलनीत नोंदलेली संस्था नसेल, नुसती मंडळींची समिती असेल, तर खजिनदारांची वही पाहावी आणि बाकी शून्य असल्याचं त्यांच्या सहीनं दोन ओळींत लिहून घ्यावं. बोअरचं वीजमीटर कुणाच्या नावावर आहे तेही पाहावं. मीटर निघून गेलेल्या बिल्डरच्या नावावर असेल, तर बिल थकल्यावर पाणी साऱ्या कॉलनीचं तुटतं.

तिसरं ठिकाण बिल्डर, म्हणजे कायद्याच्या भाषेत विकासक. योजना नवी असेल तर २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला लोक 'रेरा' म्हणतात, तो पाहावा. तो फ्लॅटपुरता नाही, भूखंडांच्या योजनेलाही लागू होतो. घराचा ताबा देईपर्यंतचे कर व आकार विकासकानं भरायचे असतात. घरमालकांचा संघ देखभाल हाती घेईपर्यंत आवश्यक सेवा वाजवी आकार घेऊन पुरवणं ही त्याचीच जबाबदारी आहे. तेव्हा 'वाजवी आकार' म्हणजे किती रुपये, तो कधी वाढणार आणि संघ कधी होणार, हे करारात आकड्यांनी लिहून घ्यावं. शिवाय विकासकानं पहिल्या गिऱ्हाइकाला करून दिलेलं मूळ खरेदीखत पूर्ण वाचावं. देखभालीची अट बहुधा त्याच्या शेवटच्या पानांत असते.

आता अडचण अशी, की ज्यांच्याकडे ही माहिती असते ते व्यवहारात नसतात. सोसायटी म्हणते, "तुम्ही आमचे सभासद नाही, तुम्हाला का सांगावं?" म्हणून मागणी विकणाऱ्याकडून करवून घ्यायची. तो सभासद असतो, आपल्या खात्याचा उतारा मागायचा त्याला हक्क असतो. आणि विकणाऱ्यानं टाळाटाळ केली तर? तेव्हा १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं पंचावन्नावं कलम आठवावं. वेगळा करार नसेल तर हे कलम विकणाऱ्यावर काही कर्तव्यं घालतं. मालमत्तेविषयी खरेदीदारानं विचारलेल्या संबंधित प्रश्नांना त्यानं आपल्या माहितीप्रमाणे उत्तरं द्यायची. कागदपत्रं मागितल्यास तपासायला दाखवायची. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी आकार त्यानं भरायचे. पण यातली मेख पाहा. कलम म्हणतं, 'विचारलेल्या' प्रश्नांना. आपण विचारलंच नाही, तर उत्तर कुणी द्यायचं?

म्हणून प्रश्न लेखी विचारा. पत्र मोठं नको. ते असं असावं:

'आपले घर विकत घेण्याचा माझा विचार आहे. कृपया पुढील माहिती लेखी द्यावी. घरावर कोणकोणते कर व वर्गण्या आहेत आणि त्यांचा दर काय? त्या कोणत्या महिन्यापर्यंत भरल्या आहेत? रस्ता, पाणी, दिवे व गटार यांची देखभाल कोण करते? पुढील खर्चाचा ठराव झाला आहे काय? या बाबतीत काही वाद किंवा नोटीस आहे काय? गेल्या तीन वर्षांच्या पावत्यांच्या प्रती सोबत द्याव्यात.'

पत्राची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. मग साठेखतात तीन वाक्यं घालून घ्या: खरेदीखताच्या तारखेपर्यंतची सर्व बाकी विकणाऱ्यानं भरायची, बाकी नसल्याचे दाखले खरेदीखताआधी द्यायचे, आणि दाखला न आल्यास ठरलेली रक्कम किमतीतून राखून ठेवायची. यातलं शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं. पैसे हातातून गेल्यावर केलेली मागणी आणि पैसे हातात असताना केलेली मागणी, यांत फार फरक असतो. विकणारा ओळखीचा, नात्यातला असेल तरी संकोच करू नका. कागद स्पष्ट असला म्हणजे नातंही टिकतं.

कुणाला वाटेल, एवढी चौकशी म्हणजे वर्गणी चुकवण्याची युक्ती. तसं मुळीच नाही. सामायिक पंप चालायचा तर प्रत्येकानं वाटा उचललाच पाहिजे. महिना सहाशे रुपये देऊन पाणी, दिवे आणि स्वच्छ रस्ता मिळत असेल तर ते महाग नव्हे. फक्त ते सहाशे रुपये घराच्या किमतीबरोबर आधी मोजले पाहिजेत. निवृत्तिवेतनातून जन्मभर द्यायचा खर्च हा किमतीचाच भाग आहे.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. गावात कुणाकडे सरकारी कागद आला, की तो वाचायला लोक तुमच्याकडेच येतात. घर घ्यायला निघालेला माणूस कागद घेऊन आला, तर मालकाचं नाव वाचून थांबू नका. 'मागील बाकी'चा रकानाही वाचून दाखवा. आणि जमल्यास एखाद्या दिवशी गणिताच्या तासाला सातवीच्या मुलांना आपापल्या घरची घरपट्टीची पावती आणायला सांगा. मागील बाकी किती, चालू किती, एकूण किती, हे त्यांना मांडू द्या. बेरीज तर पक्की होईलच, आणि उद्या घर घेताना त्यांना काय विचारायचं ते कुणी शिकवावं लागणार नाही.