एका जागेचा एकच धनी
(भोकर येथील व्याख्यानाचा सारांश)



आपले भोकर मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर वसलेले आहे. येथून दूरच्या प्रवासास निघणाऱ्याला परतीच्या आरक्षणाची चिंता असतेच. संगणक येण्यापूर्वी त्यासाठी तार करावी लागे आणि उत्तराची प्रतीक्षा करावी लागे. कारण जागांची नोंदवही दुसऱ्याच शहरात असे.

१९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत आरक्षणाचे संगणकीकरण सुरू झाले. पुढे मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद येथेही केंद्रे उभी राहिली. मात्र प्रत्येक केंद्राचा कारभार आपल्या गाड्यांपुरता होता. रेल्वेच्या 'क्रिस' या संस्थेने तयार केलेल्या 'कॉन्सर्ट' प्रणालीने एप्रिल १९९९ मध्ये ही पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली.

यातील मर्म ध्यानात घ्या. सर्व नोंदवह्यांच्या नकला सर्वत्र ठेवल्या असत्या, तर एकाच क्षणी दोन खिडक्यांवर एकच जागा विकली गेली असती. कारण एका नकलेतील बदल दुसरीत उमटण्यास निमिषमात्र का होईना, वेळ लागतोच. म्हणून ज्या केंद्राकडे गाडी, त्याच्याकडेच तिची वही. खिडकी कोणत्याही गावची असो, मागणी त्या केंद्राकडे जाते आणि निर्णय तेथेच होतो. जाळे देशभर पसरलेले, पण प्रत्येक जागेचा धनी एकच!

याची किंमतही आहे. दुवा तुटला, तर दुसऱ्या केंद्राच्या गाडीचे तिकीट थांबते. पण चुकीचा होकार देण्यापेक्षा थांबणे बरे, हा त्यामागील विवेक आहे. गाडी कोठे पोहोचली, एवढेच विचारायचे असेल तर क्षणभर जुनी नक्कलही चालते. सांगण्यासाठी नकला पुष्कळ असाव्यात. देण्याचा अधिकार मात्र एकाच वहीला हवा.

ऑगस्ट २००२ पासून इंटरनेटवर तिकीट मिळू लागले आणि खिडकी घरात आली. २०१९ पासून शिधापत्रिकेचे धान्य परराज्यातही देण्यास प्रारंभ झाला. तेथेही कसोटी हीच: पोटासाठी परगावी गेलेल्या कुटुंबाला त्याचा वाटा मिळावा आणि तोच वाटा दुसऱ्या दुकानातून पुन्हा उचलला जाऊ नये.

यंत्रणेने मुंबईकर व भोकरकर यांना एकाच रांगेत उभे केले खरे. पण भोकरच्या खेड्यापाड्यांतील दुवाच तुटका असेल, तर ती समता कागदावरच राहील. म्हणून अखंड वीज आणि अखंड जोडणी यांचा आग्रह आपण धरला पाहिजे. तो आपला हक्क आहे.