तान्ह्या मुलाचे दुखणे ओळखावे कसे?



या व्यासपीठावर येणारे वक्ते बहुधा ग्रंथांचा व्यासंग केलेले असतात. आम्ही परिचारिका, आमचा व्यासंग झाला तो मुलांच्या वॉर्डात, खाटांच्या दोन ओळींमध्ये. तेव्हा येथे पांडित्य मिळणार नाही. रोज जे पाहतो तेच सांगणार आहोत.

मोठा माणूस कुठे दुखते ते सांगतो. तान्हे मूल नुसते रडते, आणि फारच आजारी झाले की रडणेही सोडते. घरची मंडळी म्हणतात, "चला, शांत झालं एकदाचं!" आम्हांला मात्र त्या शांततेचीच धास्ती वाटते. दहा मुले दारात आली तर किंचाळणारे मूल आम्ही आधी उचलीत नाही. जे अंगावर ओढत नाही, हाक मारली तरी डोळे उघडत नाही, ते आधी उचलतो. आजच्या भाषणातले एवढे एकच लक्षात राहिले तरी आमचे येणे सार्थकी लागले.

आता खोकल्याचे पाहू. खोकला घरोघरी होतो आणि बहुधा आपोआप बरा होतो. त्यातले न्यूमोनियाचे मूल निवडायचे कसे? श्वास मोजून. मूल शांत असताना झबले वर करावे आणि घड्याळ पाहून पुरते एक मिनिट पोटाची वरखाली मोजावी. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तासाचाही उशीर नको.

हे मोजणे शिकलेल्यांचेच काम आहे, असे कोणी समजू नये. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात निरक्षर सुइणींसाठी मण्यांचे एक साधे साधन केले. मिनिटभर वाळू गळेपर्यंत मणी सरकवीत जायचे, की श्वास वाजवीपेक्षा जास्त आहेत का ते कळते. पुढे त्यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकविले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले.

हगवणीत मूल दगावते ते बहुधा अंगातले पाणी गेल्यामुळे. डोळे खोल जातात, टाळू बसते, जीभ कोरडी पडते, लघवी होत नाही. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश खाली बसते. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने पाजविले, आणि सुमारे ३० टक्क्यांवरचा मृत्यूचा आकडा ३.६ टक्क्यांवर आला. आजची पुडी ही त्याचीच लेक. एक लिटरची पुडी असेल तर ती सबंध लिटरभर पाण्यात घालावी, आणि 'पोटाला विश्रांती' म्हणून आईचे दूध मात्र कधीही तोडू नये.

जन्मजात व्यंगांची गोष्ट निराळी. ती असतात पहिल्या दिवसापासून, पण नजर पडते उशिरा. पहिल्या चोवीस तासांत शी न होणे, पहिल्याच दिवशी कावीळ दिसणे किंवा ती तळहात-तळपायांपर्यंत पोचणे, ओठ व जीभ निळी पडणे, बाहुली पांढरी चमकणे, ही सारी तातडीची लक्षणे. आत वळलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांतच पॉन्सेटी पद्धतीने प्लॅस्टर घालू लागल्यास बहुधा सरळ होते.

आणि ते 'शहाणं' बाळ! रडत नाही, सारखे झोपते, शौचाला घट्ट होते, कावीळ हटत नाही. सारी आळी कौतुक करते, आणि आत थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावलेले असते. पुष्कळदा पहिल्या दिवसांत बाळ पाहून काहीच कळत नाही; म्हणून टाचेच्या रक्ताचे थेंब तपासून घ्यावे. पहिल्या दोन आठवड्यांत गोळी सुरू झाली तर बुद्धीची वाढ बहुधा नीट होते. दिवस दवडले तर तेवढे नुकसान पुढे भरून निघत नाही.

आता आमच्याच चुकीची एक गोष्ट. एक बाई चार महिन्यांचे मूल घेऊन आली. म्हणाली, "सिस्टर, पिताना याच्या कपाळावर घाम येतो, आणि मधेच दमून सोडून देतो." दिवस वैशाखाचे. आम्ही म्हणालो, "उन्हाळा आहे, टोपडं घालू नका." पावसाळ्यात ती पुन्हा आली. वजन वाढलेले नव्हते, श्वास धापेसारखा चालला होता. हृदयाच्या पडद्याला छिद्र निघाले. शस्त्रक्रिया झाली, मूल वाचले. पण आईने सांगितलेले लक्षण आम्ही हवेवर ढकलले होते. तेव्हापासून आईचे शब्द जसेच्या तसे कागदावर उतरून घेण्याचा आम्ही नेम केला आहे.

तिच्या सासूबाई बाहेर बाकावर बसून म्हणत होत्या, "गरोदरपणी हिनं ग्रहण पाळलं नाही." बंधुभगिनींनो, ग्रहणाने ना ओठ फाटतो, ना हृदयाला छिद्र पडते. या बोलण्याने होते एवढेच, की आई मूल पदराआड लपविते, आणि लपविलेले मूल आमच्यापर्यंत उशिरा पोचते.

२०१३ साली पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत व शाळेत तपासणी करणे, हे त्याचे काम. पण पथक येते ठरल्या दिवशी. आई मात्र पाळण्याशी रात्रंदिवस असते. "याचं काहीतरी वेगळं वाटतंय," असे ती म्हणाली की तिला वेड्यात काढू नका. घड्याळ हातात घ्या, झबले वर करा, आणि मोजा.