‘रन’ आणि ‘लागणे’



इंग्रजीतील ‘रन’ हा इवलासा शब्द मुलाला प्रथम भेटतो तो क्रिकेटच्या मैदानावर, ‘धाव’ होऊन. पुस्तकात मात्र नाकही ‘रन’ होते, नदीही आणि दुकानही. मराठीत नाक गळते, नदी वाहते, दुकान चालते. धुण्यात रंग जातो, निवडणुकीला उमेदवार उभा राहतो. इंग्रजीला या सर्वांसाठी एकच क्रियापद पुरते. ऑक्सफर्ड कोशाच्या संपादकांनी त्याचे ६४५ अर्थ नोंदवले. १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत दीर्घ नोंदीचा मान ‘सेट’कडे होता.

हा पसारा पाहून मराठी माध्यमातील मूल बिचकते आणि पालक माध्यम बदलण्याच्या विचारात पडतात. परंतु तेच मूल घरी ‘लागणे’ किती सहज वापरते! भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, दादाला नोकरी लागते, घाटात गाडी लागते. (हे शेवटचे अमराठी शेजाऱ्याला समजावताना भल्याभल्यांची तारांबळ उडते.) हे अर्थ त्याला कोणी पाठ करून दिलेले नसतात. ‘रन’देखील अर्थांच्या यादीतून नव्हे, तर नाक, नदी, दुकान अशा सोबत्यांसह वाक्यांतूनच शिकवावा. त्यासाठी एक तासिका पुरत नाही; दोन लागतात.