आधी उपचार, मग कागद

स्कूटरवरच्या माणसाला मोटारीने उडवले. एका भल्या माणसाने त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे उत्तर मिळाले की पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. जखमी वाटेतच गेला. या घटनेच्या बातमीवरून मानवी हक्क कार्यकर्ते परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1989 मध्ये निकाल आला: आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

आपत्कालीन वैद्यकशास्त्रात एमडी करणाऱ्याला हा निकाल तोंडपाठ असावाच लागतो. भारतात या विषयाला स्वतंत्र पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली ती थेट 2009 मध्ये; उशीरच म्हणायचा. एमबीबीएसनंतरची तीन वर्षे. श्वासनलिकेत नळी घालणे, छातीत साचलेली हवा काढणे, दारात एकदम दहा जखमी आले तर आधी कोणाला हात लावायचा हे ठरवणे, सगळे इथेच शिकायचे.

पण रुग्ण बेशुद्ध, नातेवाईक बेपत्ता, संमती कोण देणार? अशा वेळी सद्हेतूने केलेल्या उपचाराला भारतीय न्याय संहितेचे कलम 30 संरक्षण देते. मात्र जखमेची लांबी, रुंदी, जागा, आणल्याची वेळ एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलीस केसच्या) नोंदीत नीट हवी. पुढे कोर्टात उलटतपासणी होते ती याच कागदावर. ज्यांना कायद्यात आणखी खोल जायचे आहे, त्यांच्यासाठी बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात वैद्यकीय कायदा आणि नीतिशास्त्राची पदव्युत्तर पदविका आहे.

आणि जखमीला उचलून आणणाऱ्यालाही 2019 च्या मोटार वाहन दुरुस्तीने कवच दिले आहे. त्याच्यावर नाव-गाव सांगण्याची सक्ती नाही.