अंधाऱ्या विहिरीतला दोर

प्रकाशतंतूवरून दर सेकंदाला दहा अब्ज बिट धाडावयाचे ठरले की चर्चा सुरू होते ती दिव्यापासून: लेझर कोणता, तरंगलांबी किती, मजल किती. त्या बिटांना कोणत्या संकेतनात बांधून पाठवावयाचे हा प्रश्न मात्र मसुद्याच्या शेवटच्या पानावर ढकलला जातो. या अनास्थेविषयीच मला आज बोलावयाचे आहे.

एक गोष्ट आधी पक्की करू. तंतूतून प्रकाश जातो, घड्याळ जात नाही. कोणता क्षण कोणत्या बिटाचा, हे पलीकडच्या ग्राहकयंत्राला प्रकाशाच्या चढउतारांवरूनच ताडावे लागते. रात्री विहिरीत पोहरा सोडणारी गृहिणी, दोर किती गेला, हे हाताखालून सरकणाऱ्या गाठींवरून ओळखते; गाठी विरळ झाल्या तर तिचा हिशेब चुकतो, आणि फार दाट मारल्या तर निम्मा दोर गाठींतच खर्ची पडतो.

आयबीएममधील विड्मर व फ्रॅनाझेक यांनी १९८३ साली मांडलेली आठास दहाची रीत, म्हणजे दर आठ बिटांचे दहा करून पाठविणे, हा दाट गाठींचा दोर. सलग पाचांहून अधिक सारखे बिट ती येऊ देत नाही, आणि एक व शून्य यांचा तोलही राखते. १९९८ च्या गिगाबिट इथरनेटने तीच पत्करली, कारण सेकंदाला प्रकाशाचे सव्वा अब्ज ठोके त्या काळच्या लेझरला सहज झेपत होते. परंतु वेग दसपट होताच तिच्या हिशेबाने साडेबारा अब्ज ठोके मारावे लागले असते, आणि तो भार दिव्यालाच नव्हे, इलेक्ट्रॉनिक मंडलांनाही जड होता. म्हणून २००२ साली मंजूर झालेल्या दहा गिगाबिटच्या मानकाने चौसष्टास सहासष्टाची रीत घेतली: दर चौसष्ट बिटांपुढे ०१ किंवा १० अशी दोन बिटांची जोडी, म्हणजे एक हमखास गाठ, आणि बाकीचा दोर बिट विस्कटणाऱ्या मिश्रकाने असा खडबडीत केलेला की हाताला एरवीही अंदाज लागावा. ठोके उरले १०.३१२५ अब्ज. दूरसंचाराच्या ९.९५ अब्जांच्या मार्गांसाठी घडविलेले लेझर आणि मंडले यांच्या आवाक्यातली ही गती होती. गाठ कमी केली म्हणून दिवा परवडला, हे कृपा करून विसरू नये.

याची उलट बाजूही त्याच मानकात आहे. इमारतींमधून आधीच टाकलेल्या जुन्या, जाड गाभ्याच्या तंतूवर ८५० नॅनोमीटरचा एकच किरण, तंतू अगदी साधा असेल तर, २६ मीटरांपलीकडे टिकत नाही. तेथे १३१० नॅनोमीटरच्या आसपासच्या चार तरंगलांबी एकत्र सोडल्या, प्रत्येकीवर केवळ ३.१२५ अब्ज ठोके ठेवले, आणि मजल ३०० मीटरांवर नेली. ठोके मंद झाल्यामुळे जुन्या आठास दहाच्या रीतीलाही तेथे मुभा मिळाली. तेव्हा संकेतन आणि दिवा यांची निवड एकाच बैठकीत व्हावी. आधी दिवा मंजूर करून मागाहून संकेतनाची तजवीज करू म्हणणाऱ्यांनी ही दोन उदाहरणे समोर ठेवावीत. पुन्हा सांगतो: तंतूतून घड्याळ जात नाही.

वेळ संपत आला आहे, आणि चारशे गिगाबिटचा विषय तर उरलाच. २०१७ च्या त्या मानकात उजेडाच्या दोनांऐवजी चार पातळ्या वापरतात. त्यामुळे पातळ्यांमधले अंतर तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि चुका वाढतात. त्या दुरुस्त करण्यासाठी दर ५१४ प्रतीकांमागे ३० जादा प्रतीके द्यावी लागतात. ही जागा काढताना सहासष्टांचे चार गठ्ठे वळून २५७ बिटांचा एक गठ्ठा केला जातो. म्हणजे जी हमखास गाठ आपण एवढा वेळ मोजत होतो, ती तेथे सोडविली, आणि सारी मदार दोराच्या खडबडीतपणावर ठेवली. ती कशी तगते, याची उकल आता पुढच्या खेपेस.