विमानांतील राखीव जागा

साधारण वर्गाचें तिकीट काढलें म्हणजे सर्वांना सारखीच जागा मिळते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिति वेगळी आहे. पुढील रांगा आणि संकटकालीन दारांजवळील ऐसपैस आसनें बहुधा नेहमींच्या उतारूंसाठीं, किंवा जादा पैसे देणारांसाठीं, राखून ठेवलेलीं असतात.

या रिवाजाचें मूळ अमेरिकेंत आहे. १९७८ च्या कायद्यानें तेथील विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठूं लागलें आणि कंपन्यांत चुरस वाढली. गिऱ्हाईक टिकावें म्हणून अमेरिकन एअरलाइन्सनें १९८१ सालीं प्रवासाच्या मैलांवर बक्षीस देणारी योजना काढली. १९९९ सालीं युनायटेड कंपनीनें पुढील कांहीं रांगांत पायांसाठीं अधिक जागा केली व ती नेहमींच्या आणि पूर्ण भाडें भरणाऱ्या उतारूंना दिली. उलट, २००० सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें रांगा कमी करून साधारण वर्गांतील सर्वांनाच मोकळी जागा देऊन पाहिली. पण काढलेल्या आसनांचें उत्पन्न सोडवेना, आणि कांहीं वर्षांतच त्या रांगा परत आल्या.

नित्याच्या गिऱ्हाइकाचा मान राखणें हा व्यापाराचा धर्मच आहे. मात्र चांगल्या जागा अशा अडवून ठेवल्या, कीं उरलेल्यांत शेजारशेजारची आसनें मिळणें कठीण होतें. वर्षांतून एकदांच प्रवास करणारी आई एका रांगेंत आणि तिचें मूल दुसऱ्या रांगेंत, असा प्रसंग येतो. निष्ठेला बक्षीस अवश्य द्यावें. परंतु लेकराला आईजवळ बसण्यासाठीं वेगळे दाम पडूं नयेत.