नोंदींची मालकी कुणाची?

अनेक जण मिळून एकच सॉफ्टवेअर लिहितात तेव्हा कुणी, कधी, काय आणि कशासाठी बदललं याची नोंद ठेवणारी व्हर्जन कंट्रोल प्रणाली लागतेच. ती निवडताना बहुधा वेग आणि सोयी तपासल्या जातात. पण त्याआधी विचारायला हवं, की या नोंदी कुणाच्या ताब्यात राहणार आणि उद्या प्रणाली सोडली तर त्या सोबत नेता येतील का? लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, म्हणजे लिनक्स कर्नेलच्या, इतिहासात याचा चांगला पुरावा आहे. 2002 साली लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कर्नेलसाठी बिटकीपर वापरायला सुरुवात केली. ती एका कंपनीच्या मालकीची प्रणाली होती. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना मात्र ती काही अटींवर फुकट मिळे. प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिच्याशी जोडून घेणारं स्वतंत्र साधन लिहायला घेतलं, वाद पेटला आणि 2005 मध्ये कंपनीने ती सवलत काढून घेतली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोरवाल्ड्स यांनी गिट ही नवी मुक्त प्रणाली लिहायला घेतली आणि जूनमध्ये कर्नेलची 2.6.12 ही आवृत्ती गिटच्या आधारे बाहेर पडली. गिटमध्ये प्रत्येक सहभागीकडे सहसा संपूर्ण इतिहासाची प्रत असते, त्यामुळे एक सर्व्हर गेला म्हणून काम बुडत नाही.

कुणी म्हणेल, बिटकीपरमुळे कर्नेलचं काम सुधारलंच होतं ना? सुधारलं होतं. पण साधन चांगलं असणं वेगळं आणि त्याच्या अटी आपल्या हातात असणं वेगळं. दुसरा आक्षेप असा, की गिट नवख्यांना अवघड जातं आणि मोठ्या चित्रांच्या वा ध्वनीच्या फायली त्यात जड होतात. हेही खरं. अशा कामाला फाइल कुलूपबंद करू देणारं सबव्हर्जन हे दुसरं व्हर्जन कंट्रोल साधन सोयीचं पडेल. तेही मुक्त सॉफ्टवेअर आहे, सर्व्हर आपला असला तर सगळा इतिहास बाहेर काढता येतो, म्हणजे आपल्या कसोटीला ते उतरतं. उलट, आता सगळेच गिट वापरतात, मग प्रश्न मिटला, असंही समजू नये. प्रकल्प एखाद्या कंपनीच्या संकेतस्थळावर ठेवला, तर कोड प्रत्येकाकडे येतो. पण त्रुटींच्या तक्रारी आणि बदलांवरची चर्चा तिथेच राहते. म्हणून निवड पक्की करण्याआधी छोटा प्रकल्प त्या प्रणालीत घाला, सगळ्या नोंदींसह बाहेर काढा आणि दुसरीकडे उभा करून पाहा. ते जमत नसेल, तर ती प्रणाली कितीही वेगवान असली तरी घेऊ नका.